धुईतले टग

हिमाच्छादित धक्का, काळ्याशार पाण्यावर संथपणे उतरणारे पांढरे कण आणि त्या शुभ्र पडद्याआडून एखाद्या अजस्र जहाजाला ओढीत चाललेली चिमुकली नौका, हे चित्र आपल्यापैकी अनेकांनी परदेशी कंपन्यांच्या भिंतीवरील दिनदर्शिकांत पाहिलेले असते. आणि असले दृश्य आपल्या नशिबी नाही, आपले बंदर म्हणजे घाम, मासळीचा वास आणि डोळे दिपवणारे ऊन, अशी मनाची समजूत घालून आपण महिन्याचे पान उलटलेले असते. ही समजूत अर्धीच खरी आहे. मुंबईच्या पंचक्रोशीत बर्फ पडत नाही, हे निर्विवाद. सांताक्रूझच्या वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश सेल्सिअस इतका पारा उतरला होता, आणि थंडीच्या बाबतीत या मुलखाची मजल तेवढीच. परंतु पौष-माघातल्या एखाद्या पहाटे उरणच्या मोरा बंदरावर जो उभा राहील, त्याला असे आढळून येईल की हिमाचे जे मुख्य कार्य, म्हणजे रोजच्या पाहण्यातल्या वस्तू झाकून टाकून त्यांना पुन्हा अपरिचित करणे, ते येथे धुई इमानेइतबारे पार पाडीत असते.

मी बेलापूरचा रहिवासी. खारकोपरपर्यंत येऊन थांबलेली लोकल १२ जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत धावू लागली, तेव्हापासून मोरा बंदर आम्हां नवी मुंबईकरांना हाताशी आल्यासारखे झाले आहे. तथापि समुद्रावर जायचे तर रेल्वेच्या वेळापत्रकाआधी पंचांग उघडावे, हा किनाऱ्यावरचा जुना दंडक आहे. तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा तास निघतो. प्रतिपदेला पाऊण वाजता, अष्टमीला सहा वाजता, असे हे सोपे गणित; चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो आणि भरतीही त्याच्यामागून तितकीच रेंगाळते, हे खगोलशास्त्र त्या पाऊणपटीत आमच्या कोळी-आगरी पूर्वजांनी गाठीला बांधून ठेवले आहे. मी निवडलेला दिवस पौष वद्य एकादशीचा, म्हणजे षट्तिलेचा होता. अकराची पाऊणपट सव्वाआठ. भरती सव्वाआठला पुरी होणार, म्हणजे खोल बुडणारी जहाजे त्याच सुमारास आत घेणार. शिवाय सुकतीच्या वेळी मोऱ्याच्या धक्क्यापाशी गाळ उघडा पडून लाँचसुद्धा अडते, ती अडचणही नाही. उजाडण्यापूर्वी मी धक्क्यावर पोहोचलो, तेव्हा धुईने समोरचा समुद्र, आकाश आणि त्या दोहोंमधली रेघ ही सर्व एकाच करड्या घोंगडीखाली घातली होती.

ही धुई येते कोठून, हे समजून घेण्यासारखे आहे. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने आकाशात सोडून देते. समुद्र मात्र सावकार असल्यामुळे दिवसभर साठवलेली ऊब सहजासहजी हातची सोडीत नाही. थंड झालेल्या जमिनीवरची हवा जड होऊन खाली बसते, आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर झाकणासारखा पडतो. भूगोलाच्या पुस्तकात यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. या झाकणाखाली बाष्प, धूळ, चुलींचा व कारखान्यांचा धूर आणि महामार्गावरील कंटेनरवाहू गाड्यांची काजळी अशी सर्वांची गर्दी होते; म्हणूनच आमच्या धुईत निर्मळ धुक्यापेक्षा धुरक्याचा वाटा मोठा असतो, आणि तिला केवळ सौंदर्यदृष्टीने पाहणे हे फुप्फुसांशी बेइमानी केल्यासारखे होईल. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जो वारा वाहतो तो मतलई, आणि दुपारी समुद्राकडून जमिनीकडे येतो तो खारा. मतलईवर शीड उभारून मासेमारीला जावे आणि खाऱ्यावर घरी परतावे, हा शिडांच्या काळचा दिनक्रम होता. मतलईच धुई पाण्यावर पसरवतो आणि ऊन वर आले की खारा वारा येऊन ती मोडतो. म्हणजे हा सारा खेळ सूर्योदयापासून फार तर तीन तासांचा.

माझ्याबरोबर एक वृद्ध तांडेल होते. तरुणपणी मासेमारी, नंतर तीसएक वर्षे बंदरातल्या टगवर नोकरी आणि आता नातवंडे, असा त्यांचा सरळ जीवनक्रम. त्यांच्या पुतण्याचा मचवा घारापुरीला काही सामान घेऊन निघाला होता, त्यात आम्ही दोघे बसलो. धक्का सुटला आणि शंभर पावलांत नाहीसा झाला. मी डोळे ताणून इकडेतिकडे पाहू लागलो, तसे ते आपल्या बोलीत म्हणाले, “मास्तर, धुईन डोल्यांचा काय काम? कान उघरं ठेवा.”

तो उपदेश शब्दशः खरा होता. दिसेनासे झाले की जहाजांनी एकमेकांशी कसे बोलावे याची एक लिपीच १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनी घालून दिलेली आहे, आणि ती ज्याला अवगत आहे त्याला धुईतले बंदर आंधळे वाटत नाही. यंत्रावर चालणारे जहाज पुढे सरकत असेल तर त्याने फार तर दोन-दोन मिनिटांच्या अंतराने चार ते सहा सेकंदांचा एक लांब भोंगा द्यावा. यंत्र बंद करून नुसतेच पाण्यावर तरंगत असेल तर दोन लांब भोंगे. दुसऱ्या नौकेला ओढीत असेल तर एक लांब आणि त्यामागून दोन आखूड. नांगर टाकून उभे असेल तर दर मिनिटाला पाच सेकंद झपाझप घंटा वाजवावी; आणि जहाजाची लांबी शंभर मीटर वा अधिक असेल तर नाळेवरच्या घंटेपाठोपाठ मागच्या टोकाला झांजेसारखी थाळी वाजवावी, म्हणजे ऐकणाऱ्याला जहाज कोठून कोठवर पसरले आहे याचा अंदाज येतो. आमच्या डाव्या हाताला कोठेतरी घंटा वाजली, देवळातल्यासारखी नव्हे, तर शाळा सुटल्यासारखी घाईघाईने. “नांगरावर हाय,” तांडेल म्हणाले. थोड्या वेळाने नैऋत्येकडून एक खोल, छातीत घुमणारा लांब आवाज आला. दोन मिनिटांनी पुन्हा तोच, किंचित जवळून. पुतण्याने मचव्याचे यंत्र मंद केले आणि आम्ही जलमार्गाच्या हद्दीबाहेर, घारापुरीच्या बाजूला उथळ पाण्यात थांबून राहिलो.

हा जलमार्ग म्हणजे पाण्याखाली खणलेला राजरस्ताच. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले, तेव्हा मुंबईच्या जुन्या गोद्यांवरचा भार हलका करणे एवढाच त्याचा हेतू होता. २०२४-२५ या एका आर्थिक वर्षात मात्र वीस फुटी पेटीच्या हिशेबाने सुमारे ७३ लाख कंटेनरांची येथे उलाढाल झाली. जहाजे जशी वाढत गेली तसा रस्ताही खोल करावा लागला: प्रथम ११ मीटर, मग १४ आणि अलीकडे १५ मीटर. खुल्या समुद्रापासून धक्क्यापर्यंतचा हा मार्ग सुमारे ३३ किलोमीटरांचा आहे, आणि त्याच्या दोन्ही अंगांना चिखलाचे व खडकाचे असे उथळ समुद्रतळ आहेत की तेथे आमचा मचवा सुखाने डुलत होता, पण येणाऱ्या जहाजाचा तळ रुतला असता. उधाणाच्या दिवसांत या खाडीचे पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते-उतरते. म्हणूनच भारी जहाजाचा कप्तान, त्याच्यापाशी उपग्रहाचे कितीही यंत्रसाहित्य असले तरी, शेवटी तिथीच्या पाऊणपटीचीच वाट पाहत बाहेर ताटकळत असतो.

त्याला आत आणण्यासाठी बंदराचा पायलट जातो. वेगवान लाँच जहाजाच्या आडोशाला येते, वरून दोरखंडाची शिडी खाली सोडली जाते, आणि हलत्या लाँचवरून हलत्या शिडीवर पाय ठेवून हा गृहस्थ सरळ उभ्या पोलादी भिंतीवर चढून जातो. पुढचा तास-दीड तास हुकूम त्याचा, जबाबदारी मात्र कप्तानाचीच, अशी ही चमत्कारिक पण शतकांपासून चालत आलेली वहिवाट आहे. जहाजावर पायलट असल्याची खूण म्हणजे अर्धा पांढरा, अर्धा तांबडा झेंडा. नुसता तांबडा दिसला तर पोटात स्फोटक वा धोक्याचा माल समजावा. नुसता पिवळा म्हणजे ‘आमच्याकडे रोगराई नाही, आत येण्याचा परवाना द्यावा’ अशी विनंती.

सात वाजून गेले असतील. प्रथम पाण्याचा रंग एका जागी गडद झाला. मग त्या गडदपणाला कड आली. आणि मग धुईतून जे बाहेर पडले त्याला जहाज म्हणावे की वाट चुकलेली सहा-सात मजली चाळ म्हणावी, असा प्रश्न पडला. तीनशे मीटरांहून अधिक लांब, पाठीवर रंगीबेरंगी पेट्यांचे थर, आणि इतके निःशब्द की नाळेने कापलेल्या पाण्याची सळसळ आम्हांला स्पष्ट ऐकू आली. त्याच्यापुढे एक, कुशीला एक आणि मागे एक, असे तीन टग होते.

‘टग’ हा शब्द इंग्रजी, त्याचा अर्थ ओढणे. परंतु मराठीत टग म्हणजे अंगापिंडाने दांडगा, कोणाला न जुमानणारा, उनाड इसम. त्याच्या वागण्याला आपण टगेगिरी म्हणतो. भाषाशास्त्राने या दोन शब्दांची सोयरीक लावून देऊ नये हेच बरे, कारण तसा पुरावा नाही. पण बंदरातला टग पाहिला की मराठी अर्थच त्याला अधिक शोभतो असे वाटते. आखूड, रुंद, मान नसलेला, छातीवर रबराची जाड गादी बांधलेला, कडेने जुने टायर लोंबत असलेला हा गडी अंगातल्या चार-पाच हजार अश्वशक्तीच्या जोरावर आपल्याहून कित्येक पटींनी मोठ्या धेंडांना खांद्याने ढोसत असतो. त्याची ताकद मोजण्याची रीतही पहिलवानी आहे: किनाऱ्यावरच्या लोखंडी खुंटाला त्याला दोरखंडाने बांधतात, पूर्ण जोर लावायला सांगतात आणि दोरावर किती टनांचा ताण आला ते काट्यावर वाचतात. मोठ्या बंदरांतल्या टगांना पन्नास-साठ टनांची ओढ आता सामान्य झाली आहे.

एवढ्या बलाढ्य जहाजाला या मदतीची गरज का पडावी? कारण जहाजाचे सामर्थ्य हे त्याच्या गतीत असते. सुकाणू म्हणजे पाण्यात उभी धरलेली एक फळी. तिच्यावरून पाणी वेगाने वाहत असेल तरच ती जहाजाचे तोंड फिरवू शकते. धक्क्याजवळ यायचे तर वेग कमी केला पाहिजे, आणि वेग ताशी तीन-चार सागरी मैलांच्या खाली आला की सुकाणूचा अंमल संपतो. त्याच वेळी पेट्यांच्या त्या प्रचंड भिंतीवर वारा शिडासारखा भरतो आणि खालून भरती-सुकतीचा ओघ तिसरीकडेच खेचतो. पूर्ण वेगात असलेले मोठे जहाज यंत्र उलटे फिरवूनही थांबायला मैल-दोन मैल घेते. महासागर लीलया ओलांडणारा हा प्राणी शेवटच्या मैलात, सर्वांत उथळ आणि सर्वांत अरुंद जागी, पांगळा होतो. तांडेलांनी हेच सारे दोन वाक्यांत सांगितले: “मोठ्याला थांबाला येत नाय, मास्तर. त्याला कोनी तरी धराला लागतं.”

धरण्याची ती क्रिया मी दुर्बिणीतून पाहिली. पुढचा टग जहाजाच्या नाळेखाली इतका जवळ सरकला की वरून पाहणाऱ्या खलाशाला तो दिसतही नसावा. वरून एक बारीक दोर भिरभिरत खाली आला, त्याच्या टोकाशी मुठीएवढी गाठ. टगवरच्या खलाशाने ती हवेतच झेलली, बारीक दोराला जाड दोर बांधला, आणि तो जाड दोर पाण्याचे थेंब गाळीत जहाजावर चढत गेला. दोर खुंटाला पडताच टगच्या सारंगाने यंत्राला हात घातला. दोर प्रथम ढिला होता. मग सरळ झाला. मग त्यातून पाणी पिळून निघाले. कुशीचा टग तेव्हा जहाजाला नाक लावून दबा धरून बसला होता, आणि त्याच्या नाकाच्या वर, जहाजाच्या निळ्या पोलादावर, पांढऱ्या रंगात तीन रोमन अक्षरे व खाली रोखलेला बाण काढलेला होता. ती अक्षरे ‘टग’ अशी होती. जहाजाचा पत्रा सर्वत्र सारखा मजबूत नसतो. आतून जेथे आडव्या-उभ्या फासळ्यांचा आधार आहे तेथेच ढकलावे, अन्यत्र ढकलल्यास पोचा पडेल, याची ही सूचना. त्या बाणाखाली रबराच्या घर्षणाने उमटलेले काळे डाग होते, एकावर एक, कित्येक बंदरांतले.

या टगांना जुन्या आगबोटीसारखा मागे बसवलेला एकच पंखा नसतो. त्यांच्या पोटाखाली स्वतःभोवती पूर्ण वर्तुळात फिरू शकणारे पंखे असतात, त्यामुळे टग पुढे, मागे, आडवा, तिरपा कसाही सरकतो. याहून विलक्षण युक्ती अर्न्स्ट श्नायडर नावाच्या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९२० च्या दशकात काढली: तळाला फिरती चकती आणि तिच्यातून खाली लोंबणारी उभी पाती. पात्यांचा कल बदलला की ओढीची दिशा तत्क्षणी बदलते. ही यंत्रे येण्यापूर्वी जी करामत सारंगाच्या मनगटात होती, तिचा बराच भाग आता त्यांनी उचलला आहे. तरी हुकूम कानावर पडण्यापूर्वीच जहाज कोणीकडे कलणार हे ओळखणे मात्र अद्याप मनगटातच आहे.

पाश्चात्त्य ग्रंथांत टगचा वंशवृक्ष ‘शार्लट डंडास’ या वाफेच्या बोटीपासून मांडतात. स्कॉटलंडमधील एका कालव्यात तिने १८०३ साली दोन भरलेले पडाव ओढून दाखवले. पुढे १८१७ साली क्लाइड नदीवर ‘टग’ याच नावाची नौका आली आणि तिचे विशेषनाम साऱ्या जातीचे सामान्यनाम झाले. हे सर्व मान्य करूनही आपल्या किनाऱ्याचा एक दाखला नोंदवला पाहिजे. आंग्र्यांच्या आरमारात गुराबा आणि गलबते अशा दोन जातींच्या नौका असत. गुराब मोठी, तोफा वाहणारी, वाऱ्यावर अवलंबून असणारी. गलबत लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला, गुराबेची शिडे लोंबकळू लागली, की गलबते पुढे होऊन दोर लावीत आणि वल्ह्यांच्या जोरावर तिला शत्रूच्या जहाजाच्या मागे, जेथे त्याच्या तोफा पोहोचत नाहीत अशा कोनात, नेऊन उभी करीत. हे वर्णन रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकाराने करून ठेवले आहे. वाफेचा टग जन्मण्यापूर्वी कित्येक वर्षे आमच्या समुद्रात हाडामांसाचे टग काम करीत होते.

त्याही मागे जावे तर १६७९ चे खांदेरी प्रकरण आहे. शिवछत्रपतींनी मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदीचे काम काढले, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी आपली मोठी जहाजे आणून बेटाची नाकेबंदी केली. परंतु मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या लहानशा नौका रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून, मतलई आणि ओहोटीचे वेळापत्रक साधून रसद पोहोचवीत राहिल्या. इंग्रजांची ‘डव्ह’ नावाची गुराब तर मराठ्यांच्या हाती लागली. अखेर नाकेबंदी उठली आणि बेट राहिले. ज्याला पाण्याचा तळ पाठ आहे त्याच्यापुढे उंच डोलकाठीची मिजास चालत नाही, हा धडा या बंदराने तेव्हाच गिरवला होता.

लहानाचे काम निर्धोक मात्र नाही. दोराने बांधलेला टग जहाजाच्या चालीशी जुळवून घेण्यात क्षणभर चुकला, किंवा जहाजाने अचानक वेग घेतला, तर दोर त्याला आडवा खेचतो आणि पाहता पाहता टग कलंडतो. म्हणूनच दोर तत्काळ सोडण्याची कळ सारंगाच्या हाताशी असते, आणि ती ओढायची वेळ आली तर विचाराला सवड नसते. मोठ्यांची चूक तर साऱ्या बंदराला भोवते. ७ ऑगस्ट २०१० रोजी न्हावा-शेव्याहून बाहेर पडणारे ‘एमएससी चित्रा’ आणि आत येणारे ‘खलिजिया-३’ यांची बंदराच्या तोंडाशी टक्कर झाली; ‘चित्रा’ एका कुशीवर कलले, शेकडो पेट्या जलमार्गात तरंगू लागल्या, तेल किनाऱ्याला लागले, आणि मुंबई व न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. देशाचा एवढा व्यापार त्या एका पाणवाटेवरून चालतो, हे अनेक शहरवासीयांना त्या दिवसांत प्रथमच कळले.

जहाज पुढे गेले, आणि आम्ही घारापुरीच्या शेतबंदरावर उतरून टेकडी चढलो. लेणी पाहणारे पर्यटक अद्याप यायचे होते. माथ्यावर जुन्या दोन तोफा आहेत. तेथवर जाईतो ऊन तापले, धुई विरू लागली आणि पूर्वेकडे न्हावा-शेव्याच्या क्रेन एकामागून एक, जणू धुण्यातून पिळून काढल्यासारख्या, स्वच्छ झाल्या. त्या क्रेन जेथे उभ्या आहेत तेथे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी मिठागरे, भातखाचरे, जिताड्याची तळी आणि शेवा नावाचा कोळीवाडा होता. जमिनीच्या मोबदल्यासाठी उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मरण पावले. प्रकल्पग्रस्ताला साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळावी हे तत्त्व पुढे मान्य झाले, त्याच्या मुळाशी ते रक्त आहे. शेव्याच्या कोळ्यांना उरणमध्ये हनुमान कोळीवाडा वसवून दिला, पण त्या घरांना वाळवीने ग्रासले आणि पुनर्वसनाचे पुन्हा पुनर्वसन मागण्याची पाळी त्यांच्यावर आली. दर पौषात, याच धुईच्या दिवसांत, जासईला हुतात्म्यांचे स्मरण होते. तांडेलांनी क्रेनच्या रांगेतल्या एका जागेकडे बोट केले आणि तेथे आपल्या आजोबांचे खाजण होते एवढेच सांगितले. आवाजात तक्रार नव्हती, फक्त मोजमाप होते.

जहाज धक्क्यासमोर येऊन जवळजवळ थांबले होते. आता त्याला परतीच्या तोंडाने वळवायचे होते. पुढच्या टगने नाळ एका दिशेला ओढली, मागच्याने पिछाडी दुसऱ्या दिशेला, आणि ते तीनशे मीटरांचे धूड, लग्नमंडपातला जड पाट चौघांनी अलगद फिरवावा तसे, आपल्याच जागी फिरले. मग दोन टग बाहेरच्या कुशीला लागले व इंचाइंचाने त्याला धक्क्याकडे रेटू लागले. शेवटचे काही मीटर कापायला सर्वांत अधिक वेळ लागला. वर कोठेतरी पायलट हातातल्या यंत्रावर बोलत असेल, ‘थोडे’, ‘पुरे’, ‘थांब’ याच अर्थाचे पाच-सहा शब्द. दोर सुटले, धक्क्याच्या खुंटांवर पडले, आणि जहाज बांधले गेले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टग बाजूला सरले, आणि जेथून आले होते तिकडे, दुसऱ्या जहाजासाठी, चालू लागले.

परतताना आम्ही नांगरावर उभ्या असलेल्या, सकाळी घंटा वाजवणाऱ्या जहाजाजवळून गेलो. त्याच्या कुशीवर मध्यभागी एक वर्तुळ, त्यातून गेलेली आडवी रेघ आणि शेजारी शिडीसारख्या लहान रेघा होत्या. सॅम्युएल प्लिमसॉल या ब्रिटिश पार्लमेंटच्या सभासदाने, हव्यासापोटी मर्यादेबाहेर भरलेल्या जहाजांवर खलाशी प्राणाला मुकतात म्हणून, १८७६ च्या कायद्यात ही खूण घालून घेतली. प्रत्येक रेघ एका समुद्राची आणि एका ऋतूची: उष्ण कटिबंधाची वर, उन्हाळ्याची तिच्याखाली, हिवाळ्याची त्याहून खाली. हिवाळ्याच्या खवळलेल्या समुद्रात जायचे तर जहाज त्या रेघेपलीकडे बुडता कामा नये, अर्थात माल कमी घ्यायचा. आमच्या बंदरात हिमाचा कायदेशीर दस्तऐवज असेल तर तो एवढाच, रंगाने ओढलेली एक वीतभर रेघ. हिमाचे जिवंत वकील मात्र मचव्याभोवती कलकलाट करीत होते. लडाख आणि तिबेटच्या पठारावरील सरोवरे गोठू लागली की तेथले कुरव पक्षी खाली उतरतात आणि हिवाळाभर आमच्या खाडीत मुक्काम करतात. लाँचवरचे प्रवासी त्यांना गाठ्या-शेव फेकतात. ते मीठ-तेल त्यांना मानवत नाही, तेव्हा हा पाहुणचार आवरता घेतलेला बरा.

ज्यांना हे दृश्य पाहायचे असेल त्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने धरावेत. बंदराच्या आवारात सामान्यांना प्रवेश नसतो, तेव्हा मोरा ते भाऊचा धक्का ही लाँच किंवा घारापुरीची टेकडी हाच मार्ग. सोमवारी लेणी बंद असतात, पण समुद्र कोणत्याच वारी बंद नसतो. दुर्बीण असावी, आणि कान उघडे असावेत. कानांचे हे सुख फार काळ टिकेल असे मात्र नाही. केंद्र सरकारने २०२४ साली हरित टगांची योजना जाहीर केली असून, आरंभी जी चार बंदरे निवडली त्यांत न्हावा-शेवा आहे. डिझेलची धडधड जाऊन हळूहळू विजेवर चालणारे टग येतील. काजळी कमी होईल, धुई निर्मळ होईल, हे चांगलेच. तांडेलांना ही बातमी सांगितली, तेव्हा त्यांनी आवाज नसलेल्या टगला धुईत ओळखायचे कसे, एवढेच विचारले. भोंगा राहील, असे मी म्हणालो. त्यावर त्यांचे समाधान झाले.

मोऱ्याचा धक्का दिसू लागला तेव्हा मला त्या निळ्या पोलादावरील बाणाची आठवण झाली. आज टगने नाक लावले तेथे एक नवा काळा डाग पडला असेल. दोन-चार दिवसांत पेट्या उतरतील, नव्या चढतील, आणि तेच टग त्याच बाणाखाली दबा धरून जहाजाला पुन्हा जलमार्गावर सोडून देतील. पुढे ते उत्तरेकडे, हॅम्बुर्ग वा रॉटरडॅमच्या वाटेला लागले, तर माघाच्या अखेरीस तेथे पोहोचेल. दिनदर्शिकेवरच्या त्या चित्रासारखा बर्फ पडत असेल, तेथलाही कोणी चिमुकला टग पुढे येईल, आणि नेमका आमच्या टगच्या डागावर नाक टेकवील.